तानीची पोटगी

वकिलानं छत्रीच्या टोकानं माझ्या पोरीचा हात वर उचलला.

हात लावायला नको म्हणून छत्री. आम्ही महारवाड्यातली. कोर्टाच्या खोलीतही पट्टेवाल्यानं आम्हाला दाराशीच उभं केलं होतं. भिंतीला टेकायचं नाही, असं बजावलं होतं. तानी आठ वर्षांची. अंगावर कुणाची तरी वापरून विरलेली चोळी. तिचा काटकुळा हात छत्रीच्या टोकावर अधांतरी. बाजारात वासरू दाखवतात तसं त्यानं तिला साहेबांकडं वळवलं.

"हुजूर, पाहून घ्या. हाडं मजबूत आहेत. हे मूल उपाशी मरतंय असं म्हणायला आधार नाही. कामाला लावलं तर स्वतःचं पोट भरून आईलाही घालील."

खोलीत कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट साहेब हसले नाहीत. पण थांब, असंही म्हणाले नाहीत. चष्म्यावरून तानीकडं बघितलं आणि परत लिहायला लागले.

तानी माझ्याकडं बघत होती. हात खाली घेऊ का, असं तिचे डोळे विचारत होते. पोरीला वाटलं, सरकारनंच वर धरायला सांगितलाय.

मी काही बोलले नाही. तेव्हा नाही.

तिथंच, थोडा बाजूला, तानीचा बाप उभा होता. तोही खाली बघत होता. त्याच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीत मनगटाच्या पुढं काही नव्हतं.

त्याचं नाव मी घेत नाही. आमच्यात बायका घेत नाहीत, आणि मला घ्यायचंही नाही. तानीचा बाप. कोर्टानं एवढंच नातं ठेवलं, मीही तेवढंच ठेवते.

आमचं गाव देवळाली प्रवराच्या अंगाला. कालव्याचं पाणी आलं, उसाचे फड आले, उसामागं साखर कारखाने आले. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. धान्य मिळत नव्हतं, मिळालं तर परवडत नव्हतं. तानीचा बाप कारखान्यावर लागला. आधी गव्हाणीवर. गाड्यांमधून आलेला ऊस ज्या सरकत्या पट्ट्यावर टाकतात, त्याला तिथं गव्हाण म्हणतात. माणूस ताकदीचा होता, म्हणून मुकादमानं त्याला पुढं आत घेतलं, ऊस पिळणाऱ्या लोखंडी रुळांवर. पगार वाढला. आठवड्याला घरी येणारा माणूस महिन्यानं यायला लागला. मग एक दिवस आला तो दुसरीला घेऊन.

"ही बी ऱ्हाईल. तू बी ऱ्हा," म्हणाला.

मी तानीला कडेवर घेतलं आणि आईच्या घरी आले.

मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईनं मला सांगितलं, की पोटगी मागता येते. तोवर तो शब्द मला माहीत नव्हता. मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तानीचा बाप कोर्टापुढं म्हणाला, "मी नांदवायला तयार हाय. तीच ऱ्हात न्हाई." साहेबांनी ते धरलं. दुसरी आणली म्हणून तू घर सोडायचं कारण नाही, तू आपण होऊन गेलीस, तुला काही मिळणार नाही. पण मुलगी त्याची आहे. मुलीला मिळेल.

मिळालं ते एवढं, की त्यात पंधरा दिवसांची ज्वारी यायची. उरलेले पंधरा दिवस माझे. खुरपणी, भुईमुगाच्या शेंगा, उसाचं पाचट. चालत होतं. लंगडत, पण चालत होतं.

मग ते थांबलं.

कचेरीत गेले तर कारकून म्हणाला, "जमा नाही." पुढच्या महिन्यात गेले. "जमा नाही." त्याच्या पुढच्या महिन्यात त्यानं मान वर न करता सांगितलं, "वॉरंट काढ. आत बसला की निघतील पैसे." मी अंगठा दिला. मला वाटलं, माजला असेल. दुसरीला लुगडी घेत असेल.

ते दिवस मी कुणाला सांगत नाही. आज सांगते.

आम्ही रानातल्या तरवट्याचा पाला शिजवून खाल्ला. चिंचोके भाजून खाल्ले. एकदा तानी पाटलाच्या गोठ्यात शिरली आणि गाईच्या घमेल्यातली सरकीची पेंड मुठीनं खाल्ली. गड्यानं धरली. कासऱ्यानं मारली. ते मारणं मी समजू शकले असते. पण पुढं काय झालं ते सांगते. पोरीनं हात घातला, पेंड बाटली, म्हणून पाटलीणबाईंनी अख्खं घमेलं उकिरड्यावर ओतायला लावलं. माझ्या पोरीच्या हातची पेंड त्यांच्या गाईला चालली नाही.

आणि मी काय केलं? अंधार पडायची वाटही बघितली नाही. सगळ्यांच्या देखत उकिरड्यावर गेले आणि ती पेंड ओच्यात भरून आणली. धुतली, शिजवली. पोरीला घातली. मीही खाल्ली.

अशात मला कोर्टाची नोटीस आली. शाळेतल्या बाईंनी वाचून दाखवली. तानीच्या बापानंच अर्ज केला होता. मिळकत राहिली नाही, पोटगी कमी करा. हातातली काठीही ओढून घेणार म्हणायचं.

तारखेला मी तानीला घेऊन पहाटेच निघाले. कचेरीबाहेर लिंबाखाली तो बसलेला दिसला. ओळखलाच नाही आधी. गालफडं आत गेलेली. सदऱ्याला गुंडी नाही. मी ठरवून आले होते, की तोंडावर थुंकायचं. मग ती बाही बघितली.

"काय झालं ह्ये?"

"रुळात गेला." जनावर मेल्याचं सांगावं तसं सांगितलं. "ऊस अडकला हुता. मी म्हनलं, यंत्र थांबवा. मुकादम म्हनला, चालू यंत्रातच काढ, थांबवलं तर साहेब मला खाईल."

"मंग?"

"मंग काय. दवाखान्यात मनगटातनं तोडला. पंधरा दिसांचा पगार दिला आन काढलं."

"आन ती?"

"ती गेली तिच्या गावाला. मला कोन पोसनार."

तानी त्याच्या बाहीकडं टक लावून बघत होती. त्यानं ती बाही मांडीखाली घेतली.

"वॉरंट तू काढलंस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"बरं केलंस. तिथं भाकर तरी मिळंल."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. राग होता. तो गेला नव्हता. पण राग ठेवायला जागा राहिली नव्हती. आम्ही दोघं उपाशी, आणि कोर्टात दोघंच एकमेकांसमोर.

मग त्यानं हळूच सांगितलं. कारखान्याच्या साहेबांनी दया करून त्याला वकील दिलाय. वकिलानं तोडगा काढलाय. तानीला साहेबांच्या बंगल्यावर ठेवायची. गोठा झाडायचा, शेण काढायचं, खाऊन-पिऊन राहील. मग पोटगी नको आणि वॉरंटही नको.

"तुमी काय म्हनला?"

"मी काय म्हननार," तो म्हणाला. "पोरीला खायाला तरी मिळंल."

तेवढ्यात पुकारा झाला.

आणि मग ती छत्री.

वकिलानं छत्री खाली घेतली आणि कागद वाचायला लागला. मी कान देऊन ऐकत होते. मुलगी बंगल्यावर राहील. तिच्या अन्नवस्त्राची सोय होईल. आईनं पोटगीचा हक्क सोडला. इथवर मला कळलं. पुढं तो भरभर वाचायला लागला. अर्जदाराचा हात त्याच्या स्वतःच्या चुकीनं, दारूच्या अमलाखाली गेला. त्याची कारखान्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही आणि पुढं राहणार नाही.

हा माणूस माझ्याशी वाईट वागला. पण दारूला तो कधी शिवला नव्हता. मी सात वर्षं त्याच्या घरात होते.

आणि पोरीच्या पोटगीत हाताचं काय काम?

"साहेब, येक इचारू?"

पट्टेवाला अंगावर आला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. "विचार."

"खटला पोरीच्या पोटगीचा हाय. त्यात हाताचं लिवून कशाला पायजे?"

वकील म्हणाला, "ते तुला कळायचं नाही."

"ह्या मानसाच्या सदऱ्याला गुंडी न्हाई. ह्येला वकील कुनी दिला?"

साहेबांनी पहिल्यांदाच टाक खाली ठेवला. वकिलाला विचारलं, "आपण अर्जदारातर्फेच उभे आहात ना?"

"होय हुजूर. कारखान्यानं केवळ माणुसकी म्हणून..."

"हात त्येंनीच खाल्ला," मी म्हणाले. "हात गेला म्हनून कमाई गेली. कमाई गेली म्हनून पोरीची पोटगी गेली. मंग मला ह्या थोट्याच्या मागं कशाला लावता? त्येंला बोलवा की हितं!"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "बाई! हे कोर्ट पोटगीचं आहे. हाताच्या भरपाईचा दावा इथं चालत नाही. त्याचा कायदा वेगळा, कचेरी वेगळी. नगरला."

मला गप्प करायला ते बोलले. पण माझ्या डोक्यात दिवा लागावा तसं झालं.

"म्हंजी कायदा हाय," मी म्हणाले.

वकिलाचं तोंड उतरलं. ते मी बघितलं. तो घाईनं म्हणाला, "हुजूर, बाई मूर्ख आहे. मुलीचं हित कशात आहे ते बघावं." आणि परत छत्री पुढं केली, तानीच्या दंडाखाली घालायला.

मी ती छत्री मधेच धरली. मुठीत. आणि बाजूला सारली.

माझा हात लागला म्हणून त्यानं ती सोडून दिली. छत्री फरशीवर पडली. कुणी उचलली नाही.

"माझी पोरगी गोठ्याला जानार न्हाई."

मग मी तानीच्या बापाकडं वळले. शाईचं पॅड त्याच्यापुढं आणून ठेवलेलं होतं. "अंगठा देऊ नका," मी म्हणाले. "ह्यो दिला तर ह्यो हात बी गेला समजा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं उरलेला हात पाठीमागं नेला.

वकील कागद गोळा करून तिथूनच निघून गेला. साहेबांनी हुकूम सांगितला. हात गेला, कमाई गेली, हे खरं आहे. तुरुंगात घालून उपयोग नाही. पोटगी नावापुरती राहिली. तिच्यात दोन दिवसांची ज्वारीही येणार नव्हती. उठता उठता मला म्हणाले, "चांगली सोय होत होती. तू हट्ट केलास. उद्या पोर जगली नाही तर दोष कुणाचा?"

मी हरले होते. ते वाक्य पदरात घेऊन बाहेर आले.

आम्ही नगरला चालत गेलो. तो पुढं, मी आणि तानी मागं. नगरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यानं सांगितलं, की अपघाताला वर्ष व्हायच्या आत अर्ज द्यावा लागतो. वर्ष भरत आलं होतं. माझी चांदीची जोडवी गेली, अर्ज दाखल झाला.

कारखान्यानं उत्तर दिलं, हा आमचा माणूसच नाही. कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदार म्हणाला, दारू पिऊन आला होता. कचेरीनं आम्हाला साक्षीदार आणायला सांगितलं. मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन बसले. भोंगा व्हायचा, माणसं बाहेर यायची, मला बघून मान फिरवायची. त्यांची पोरंही खाणारीच होती.

इकडं गावात माझं काम बंद झालं. पाटलाचा ऊस त्याच कारखान्याला जात होता. खुरपणीला गेले तर शेतावरचा मुकादम म्हणायचा, बाया पुरेशा आहेत. तानीचे केस तांबडे झाले, गळायला लागले. पोट फुगलं. ती खेळायची बंद झाली. रडायचीही बंद झाली. रडत होती ते बरं होतं.

माझी आई एक दिवस म्हणाली, "धाड तिला बंगल्यावर. मान घिऊन काय चाटायचंय? जिवंत तर ऱ्हाईल."

तानीला आंघोळ घातली. उरलेले केस विंचरले. बोट धरून निघाले.

हो. निघाले होते मी. कोर्टात छत्री पाडणारी मीच होते आणि पोरीला बंगल्यावर पोचवायला निघालेलीही मीच. भूक माणसाला कुठं नेते ते मला ठाऊक आहे.

बंगल्याच्या मागच्या बाजूला गोठा होता. एक पोरगी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन येत होती. तानीएवढीच. थोडी थोर असेल. पाटीखाली मान वाकडी झालेली.

"कुनाची गं तू?"

तिनं बापाचं नाव सांगितलं. बेलापूरच्या बाजूची होती.

"बाप काय करतो?"

"काय न्हाई करत. कारखान्यात पाय गेला त्याचा. म्हनून मला हितं ठिवलंय."

"घरी कवा जातीस?"

तिला तो प्रश्नच कळला नाही. पाटी घेऊन तशीच उभी राहिली. मग आतून कुणीतरी ओरडलं आणि ती पळाली.

मी तिथंच खाली बसले. तानीच्या आधी ही. हिच्या आधी कोण? बापाचा पाय घ्यायचा, मग पोर घ्यायची, आणि वर माणुसकी म्हणायची. आणि आम्ही पोरींना न्हाऊमाखू घालून स्वतः आणून सोडायच्या.

मी उठले. तानीला पाठुंगळी घेतली. घरी गेले नाही, सरळ बेलापूरची वाट धरली. लोकांना विचारत विचारत त्या पोरीच्या बापाचं घर काढलं. कुबडी भिंतीला लावून माणूस दारात बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं कुबडी मांडीवर ओढून घेतली.

"हात गेला तवा मी तिथंच हुतो. माझा पाय त्याच्या म्हैन्याभरानं गेला," तो म्हणाला. "यंत्र थांबवा म्हनून तो वरडला, ते मी ऐकलंय. दारूबिरू कायबी नव्हती. माझ्या येळंला मी अंगठा दिला. म्हनून माझी पोर तिथं हाय."

"साक्ष देनार?"

"माझ्याकडनं आता अजून काय न्हेतील?"

त्याच्या बायकोनं तानीला भाकरीचा तुकडा आणि ताक दिलं. पोरीनं ते एवढं हळू खाल्लं, की मला बघवेना.

तो कुबडीवर नगरला आला. साक्ष दिली. खटला लांबत गेला. त्या दिवसांत मिशनच्या बाईनं तानीला शाळेत दुपारचं खायला घातलं. म्हणून ती जगली. कोर्टानं जगवली नाही, बापानं नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही. शेवटी निकाल लागला. कारखान्याला हाताची भरपाई द्यावी लागली. कुबडीवाल्यानं आपली पोरगी बंगल्यावरून परत आणली. त्याची मुदत गेली होती, त्याला मात्र काही मिळालं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

भरपाई घेऊन तानीच्या बापानं श्रीरामपूरच्या स्टेशनाबाहेर चहाचं दुकान टाकलं. ते चाललं. दुसरी परत आली. तानीची पोटगी मात्र तेवढीच, नावापुरती. दोन-तीनदा मी निरोप धाडला. मग स्वतः गेले. गिऱ्हाइकं बसलेली होती. तो एका हातानं कपबशा पुसत होता. चांगला भरला होता अंगानं.

"कोर्टाचा हुकूम तेवढाच हाय," तो म्हणाला. "मी हुकुमापरमानं देतो."

मी तिथून निघाले ती कचेरीत. त्याच कोर्टात. साहेब बदलले होते. मी अर्ज दिला. मिळकत गेली तेव्हा पोटगी कमी केली, आता मिळकत आलीय, वाढवा.

तारखेला तो आला. बाहेर मला गाठून रडवेल्या तोंडानं म्हणाला, "तू हुतीस म्हनून मला हाताचं काय तरी मिळालं. आपन दोघं मिळून लढलो. आन आता तूच मला कोर्टात वडतीस?"

लग्न झाल्यापासून मी त्याला अहो-जाहो करत होते. त्यानं दुसरी आणली तरी. त्या दिवशी माझ्या तोंडातून पहिल्यांदा 'तू' गेलं.

"तुझ्या हातासाठी लढले. तुझ्यासाठी न्हाई. त्या हातावर माझ्या पोरीचं पोट हुतं."

पोटगी वाढली. फार नाही. मी साहेबांना विचारलं, "साहेब, ह्येचं दुकान अजून वाढलं तर?"

"परत अर्ज करायचा."

"आन परत वाढलं तर?"

"परिस्थिती बदलेल तितक्या वेळा," ते म्हणाले. कंटाळून म्हणाले. पण म्हणाले.

ते मी गाठीला बांधलं. तानी मोठी होईस्तोवर तो चुकला की मी कचेरीत. त्याचं दुकान वाढलं की मी कचेरीत. दुकान बुडालं आणि तो कमी करून मागायला आला, तरी मी तिथंच, खरं-खोटं बघायला. आणि कारखान्यात आणखी कुणाचा हातपाय गेला, की त्याच्या बायकोला घेऊन मी नगरला. वर्ष भरायच्या आत. मजुरी बुडू दे. चालत जावं लागू दे. अंगठ्याला शाई लागायच्या आत मी त्या घरी पोचणार आणि त्या बाईला सांगणार, पोर घरात ठेव. चल.